'रेटिनोपॅथी नाही' म्हणजे काय? मधुमेही डोळ्याचा पडदा पाहणारे नवे कॅमेरे

अंतर्गोल

मागे मधुमेहाच्या एका धाग्यावर प्रश्न आला होता: डोळे तपासून 'रेटिनोपॅथी नाही' असा शेरा मिळाला, म्हणजे पडदा (रेटिना) ठणठणीत समजायचा का? (रेटिनोपॅथी म्हणजे मधुमेहामुळे या पडद्याला होणारी इजा.) त्यावर हो आणि नाही अशी दोन्ही उत्तरं आली आणि चर्चा भलतीकडेच गेली. म्हणून हा स्वतंत्र धागा. मी डॉक्टर नाही. प्रकाशशास्त्र हा माझा विषय आणि डोळ्याच्या आतले फोटो काढणाऱ्या यंत्रांशी रोजचा संबंध. त्यामुळे इंजेक्शन घ्यावं की लेझर करावं हे मला विचारू नका. कशाने काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच सांगतो.

पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. एवढ्याशा जाडीत चेतापेशींचे थर, आणि त्यांच्यामधून एकाखाली एक पसरलेली केशवाहिन्यांची जाळी. एकेक केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी तिला अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. या नळीला आतून पेशींचं अस्तर असतं आणि बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी तिला कवटाळून बसलेल्या असतात. शरीरात इतर बहुतेक ठिकाणी पेरिसाइट विरळ. पडद्यात मात्र अस्तराच्या जवळपास प्रत्येक पेशीमागे एक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की या पेरिसाइट मरायला लागतात. मग भिंत कुठे फुगते, कुठे झिरपते, कुठे नळी कायमची बंद पडते. पुढचं सगळं रामायण बऱ्याच अंशी इथूनच सुरू होतं.

हे कळलं ते मृत्यूनंतर काढलेल्या डोळ्यांवरून. कोगन आणि कुवाबारा यांनी १९६० च्या सुमारास एक पद्धत बसवली. पडदा आधी फॉर्मलिनमध्ये घट्ट करायचा, मग ट्रिप्सिन या पाचक विकरात ठेवायचा. बाकीची ऊती विरघळून जाते आणि रक्तवाहिन्यांचं जाळं तेवढं अख्खं उरतं. ते काचपट्टीवर अलगद पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. मधुमेही डोळ्यांच्या जाळ्यात पेरिसाइटच्या जागी नुसत्या रिकाम्या खोबणी दिसल्या. १९६१ चा त्यांचा निबंध आजही या विषयाचा पाया मानतात. पण त्या डोळ्याचा इतिहास तिथेच थांबलेला. आधी कुठली वाहिनी बंद पडली, शेजारणीने तिचं रक्त स्वतःकडे वळवलं का, फुगा आधी आला की गळती, हे काचपट्टीवरून कळणार कसं?

जिवंत डोळ्यात डोकावायची सोय हेल्महोल्ट्झने १८५१ मध्येच करून ठेवली होती, पुढे पडद्याचा सरळ समोरून फोटो काढणारा फंडस कॅमेरा आला. पण साध्या फंडस फोटोत केशवाहिनी दिसत नाही, दिसतात ते तिच्या बिघाडाचे परिणाम: सूक्ष्म फुग्यांचे लाल ठिपके, रक्तस्रावाचे डाग, चरबीचे पिवळे कण. डॉक्टर 'रेटिनोपॅथी आहे' म्हणतात ते या खुणांवरून.

योगायोग असा की १९६१ मध्येच इंडियाना विद्यापीठातल्या नोवोट्नी आणि अल्विस या दोन विद्यार्थ्यांनी फ्लुओरेसिन अँजिओग्राफी दाखवली. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन टोचायचं, डोळ्यात निळा प्रकाश टाकायचा, आणि रक्तातून फिरणारं ते रंगद्रव्य हिरवट-पिवळं चमकताना भराभर फोटो घ्यायचे. कुठे गळतंय, कुठे पोचतच नाही, दोन्ही कळतं. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा निबंध साभार परत केला. छापला तो 'सर्क्युलेशन' या हृदय व रक्ताभिसरणाच्या नियतकालिकाने. साठहून अधिक वर्षं झाली, ही तपासणी अजून टिकून आहे.

नंतरची मोठी उडी म्हणजे ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी), १९९१. पडद्याच्या वेगवेगळ्या खोलीवरून परतणाऱ्या प्रकाशाची आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाशी गाठ घालायची आणि त्यांच्या व्यतिकरणावरून खोली मोजायची. आज खोलीच्या दिशेने ५ मायक्रॉनपर्यंतचा फरक कळतो. पडदा उभा चिरल्यासारखे थर दिसतात आणि मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाला) आलेली सूज अंदाजाने सांगायची गरज उरत नाही. याच यंत्रावर पुढे ओसीटी अँजिओग्राफी उभी राहिली. तिचा विचार मला फार आवडतो: एकाच जागेचा छेद लागोपाठ अनेकदा घ्यायचा. ऊती जागची हलत नाही, म्हणून तिचा संकेत तोच राहतो. रक्तपेशी वाहतात, म्हणून तेवढ्या जागी संकेत बदलतो. जिथे बदल, तिथे प्रवाह. ना सुई, ना रंगद्रव्य, आणि वरचं व खालचं जाळं वेगवेगळं काढून पाहता येतं. फ्लुओरेसिनमध्ये खोलवरचं जाळं नीट उमटत नाही.

पण ओसीटी आडव्या दिशेने मार खाते. तिथे तिची सूक्ष्मता १५-२० मायक्रॉनच्या आसपास अडकते, कारण डोळ्याचं स्वतःचं भिंग आणि समोरचं पारदर्शक बुबुळ (कॉर्निया) सदोष आहेत. हीच अडचण खगोलशास्त्रज्ञांना वातावरणामुळे येत होती. बॅबकॉकने १९५३ मध्ये सुचवलं होतं की प्रकाशलहरीतली वाकडीतिकडी घडी मोजा आणि उलट्या घडीचा आरसा लावून ती सरळ करा. १९९७ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या लिआंग, विल्यम्स आणि मिलर यांनी हे डोळ्यावर करून दाखवलं, २००२ मध्ये रूर्डा आणि सहकाऱ्यांनी त्याला लेझर स्कॅनिंगची जोड दिली. यालाच अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. आरशाच्या पाठीमागे बारीक दट्टे असतात, ते सेकंदाला अनेकदा आरशाचा आकार बदलत राहतात. मिळते ती सूक्ष्मता सुमारे २ मायक्रॉन. प्रकाश टिपणारी एकेक शंकूपेशी सुटी मोजता येते.

संगणकाच्या पडद्यावर काय दिसतं ते एकदा सांगतोच. करड्या चौकटीत पाव-अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा. त्यातून एक केशवाहिनी तिरकी जाते. पेशी एकामागोमाग एक सरकतात, मध्येच मोकळी जागा येते, मग पुन्हा तीन-चार पेशी घाईघाईने. शेजारच्या वाहिनीची भिंत स्पष्ट आहे, दोन्ही कडा आहेत, आत मात्र काहीच हलत नाही. आणखी खाली एक वाहिनी विनाकारण वेटोळं घालून परत फिरलेली.

असे बदल काही मधुमेही डोळ्यांत साधा फंडस फोटो स्वच्छ असतानाही सापडले आहेत. इंडियाना विद्यापीठात बर्न्स आणि एल्सनर यांच्या गटाने, न्यूयॉर्कमध्ये रोझेन आणि च्युई यांच्या गटाने यावर बरंच काम केलं आहे. म्हणजे मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं: 'रेटिनोपॅथी नाही' याचा अर्थ 'या साधनाने पाहता येण्याजोगी रेटिनोपॅथी नाही'. कोगन यांच्या काचपट्टीवर जे एकदाच दिसायचं, ते आता त्याच माणसाच्या त्याच वाहिनीत पुन्हापुन्हा जाऊन पाहता येतं. संशोधनाच्या दृष्टीने माझ्या मते ही खरी कमाई. रुग्णाच्या दृष्टीने किती, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: नातेवाइकांच्या ओसीटी अँजिओच्या चित्रात मोठा काळा भाग होता. घरी सगळे धास्तावले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, पुन्हा काढू. काळं म्हणजे रक्त नाही असंच ना?

---

थांबा_हलू_नका

@वाचनमात्र, अजिबात नाही. माझं कामच हे फोटो काढण्याचं आहे, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने बोलते.

काळ्या डागाची माझ्या अनुभवातली नेहमीची कारणं: डोळ्यातल्या पारदर्शक गोळ्यात तरंगणारा कण आडवा आला आणि त्याची सावली पडली, मोतीबिंदूमुळे संकेतच क्षीण आला, पापणी मिटली. पापणी मिटली की आडवी काळी पट्टी येते, सरळसोट, कडा कापल्यासारख्या. नजर हलली की रक्तवाहिनी एका रेषेवर तुटून बाजूला सरकलेली दिसते. खरोखर बंद पडलेल्या केशवाहिन्यांचा भाग असा सरळ कडांचा नसतो, तो वाहिन्यांच्या वाटांनी वेडावाकडा जातो. म्हणून अँजिओचं चित्र एकटं पाहायचंच नाही, शेजारी त्याच जागेचा साधा ओसीटी छेद उघडायचा. त्या छेदातही तिथे अंधार असेल तर ती सावली.

आणि मधुमेहींच्या बाबतीत एक जादा कटकट: बाहुली मोठी करायचे थेंब घातले तरी पुष्कळांची बाहुली पुरेशी उघडत नाही. डोळे कोरडे, म्हणून उघडे धरवत नाहीत. माझं निम्मं काम कृत्रिम अश्रूंचे थेंब घालणं आणि "आता मिटा, आता मोठा उघडा, इथेच बघा" म्हणणं हे आहे. संशोधन निबंधांत 'खराब प्रतिमा वगळल्या' असं एक वाक्य असतं. ते वाचलं की मला प्रश्न पडतो, वगळलेले कोण? बहुधा तेच, ज्यांचा आजार पुढे गेलाय.

---

तिरपागडा

लेख माहितीपूर्ण आहे, पण मला त्यातला उत्साह जरा जास्त वाटला. दोन मायक्रॉनचं दिसलं. बरं. पुढे? त्या वेटोळ्या वाहिनीवर उपचार आहे का? नसेल तर आपण फक्त लोकांना पाच वर्षं आधी घाबरवायची सोय केली. उद्या हे यंत्र गल्लोगल्ली आलं की 'केशवाहिनी तपासणी पॅकेज' निघेल, एवढं भाकीत मी आत्ताच करून ठेवतो.

---

अंतर्गोल

@तिरपागडा, पॅकेजचं भाकीत खरं ठरू नये असं मलाही वाटतं. पण 'पुढे?' याला उत्तर आहे.

रेटिनोपॅथी संथ आजार आहे. साखर कडक ताब्यात ठेवल्याने पडदा वाचतो, हे टाइप १ मधुमेहींच्या डीसीसीटी या अभ्यासाने १९९३ मध्ये पक्कं केलं. १४४१ जण, सरासरी साडेसहा वर्षं. ज्यांना सुरुवातीला रेटिनोपॅथी नव्हती त्यांच्यात ती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. हे सगळं ठरावीक सात जागांच्या फंडस फोटोंवरून मोजलं गेलं. त्या मोजपट्टीवर एक-दोन पायऱ्या खाली-वर व्हायलाच वर्षं जातात, म्हणून नवं औषध तपासायचं तर अभ्यास तितकाच लांब आणि तितकाच मोठा करावा लागतो. केशवाहिनीच्या पातळीवरचा बदल काही महिन्यांत विश्वासाने मोजता आला, तर सुरुवातीच्या टप्प्यावरची औषधं लवकर तपासता येतील. आज आपल्याकडे असलेली इंजेक्शनं आणि लेझर हे मुख्यतः उशिराच्या टप्प्याचे उपाय आहेत. लवकरच्या टप्प्यावर साखर, रक्तदाब, चरबी यांपलीकडे हातात फारसं काही नाही. का नाही, त्याचं एक कारण हेच की तो टप्पा नीट मोजताच येत नव्हता.

@थांबा_हलू_नका, वगळलेल्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये तर तो दुप्पट तीव्र आहे. भिंग स्वच्छ, बाहुली मोठी आणि नजर स्थिर असलेला माणूसच लागतो.

---

दृष्टीआड

पडद्याच्या विकारांवर काम करतो. दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणतो.

तिरपागडा यांच्या बाजूने आधी. 'लवकर कळलं, लवकर उपचार केला, म्हणजे नजर वाचली' हे दिसतं तितकं सरळ नाही. मधुमेही पडद्याच्या आजारावर संशोधन करणाऱ्या डीआरसीआर या गटाचा प्रोटोकॉल डब्ल्यू नावाचा अभ्यास आहे. त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या आधीच्या, पण मध्यम ते तीव्र टप्प्यावरच्या डोळ्यांना अफ्लिबरसेप्ट या नव्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शनं आधीच देऊन पाहिली. पडद्यातली गुंतागुंत कमी झाली. पण चार वर्षांनी दृष्टी मोजली, तर गुंतागुंत झाल्यावर उपचार केलेल्या गटापेक्षा ती सरस नव्हती. प्रतिमा सुधारणं आणि माणसाला चांगलं दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अंतर्गोल यांच्या बाजूने. आमची रोजची श्रेणी ठरवायची पद्धत बरीच ढोबळ आहे. तीव्र टप्पा ओळखायला '४-२-१' हा नियम वापरतो: चारही चतकोरांत बरेच रक्तस्राव, किंवा दोन चतकोरांत मण्यांसारख्या फुगलेल्या शिरा, किंवा एका चतकोरात आतल्याआत वेड्यावाकड्या पसरलेल्या केशवाहिन्या. हा नियम अजूनही कामाचा आहे. पण तो पाहतो तो पडद्याचा मधला भाग. जुन्या सात फोटोंत पडद्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग यायचा. आताचे अल्ट्रा-वाइडफील्ड कॅमेरे एका झटक्यात २०० अंशांचं, म्हणजे सुमारे ८० टक्के पडद्याचं चित्र देतात.

त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्यांच्या खुणा मुख्यतः कडेच्या भागात आहेत त्यांचा आजार पुढच्या चार वर्षांत वाढण्याचा धोका बराच जास्त, असं २०१५ च्या एका अभ्यासात आढळलं. आम्ही सगळे रंगीत फोटोत कडा न्याहाळायला लागलो. मग २०२२ मध्ये प्रोटोकॉल एए या मोठ्या अभ्यासाचे चार वर्षांचे निष्कर्ष आले. रंगीत फोटोतल्या कडेच्या खुणांचा तसा संबंध दिसला नाही. फ्लुओरेसिनमध्ये दिसणाऱ्या कडेच्या खुणांचा आणि रक्त न पोचलेल्या भागाचा मात्र दिसला. डोळा तोच, कडा तीच, पण कशाने पाहिलं त्यावर उत्तर बदललं.

---

इन्सुलिनवाली

शाळेत असल्यापासून टाइप १. दरवर्षी पडदा तपासून घेते, शेरा 'नाही' असतो, आणि मी वर्षभर निश्चिंत होते. आज धागा वाचून ती निश्चिंती थोडी डळमळली, अंतर्गोल यांची तक्रार नाही.

सरळ विचारते: पुढच्या वेळी मी होऊन ओसीटी अँजिओ मागावी का? दुसरं, तीन महिन्यांची सरासरी साखर मी झपाट्याने खाली आणली तेव्हा एका डॉक्टरांनी "जरा दमाने" म्हटलं होतं. ते का?

---

दृष्टीआड

@इन्सुलिनवाली, वार्षिक तपासणी चुकवू नका हे पहिलं. तुमची निश्चिंती अगदीच निराधार नाही. फंडस तपासणी कितीही ढोबळ असली तरी 'खुणा नाहीत' या शेऱ्यानंतर वर्षभरात नजरेला धोका होईल असं काही घडण्याची शक्यता फार कमी असते. तपासणीचं वेळापत्रक त्याच हिशोबावर बसवलेलं आहे.

नजर उत्तम आणि पडदा स्वच्छ असेल तर ओसीटी अँजिओने आज तुमच्या उपचारात काही बदलणार नाही. आलेल्या आकड्याशी काय करायचं हा पुढचा प्रश्न. मॅक्युलाच्या मधोमध केशवाहिन्या नसलेला एक छोटा भाग असतो. मधुमेहात तो वाढतो. पण निरोगी माणसांतही त्याचं क्षेत्रफळ एकापेक्षा दुसऱ्याचं कितीतरी पट मोठं असू शकतं. तुमचा मुळातच मोठा असेल तर? शिवाय एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्राशी जुळत नाही. उपयोग होतो तो एकाच यंत्रावर स्वतःचीच स्वतःशी तुलना करताना.

'दमाने' बद्दल: बराच काळ चढी असलेली साखर एकदम खाली आणली तर काहींची रेटिनोपॅथी सुरुवातीला तात्पुरती बळावते. डीसीसीटीतही हे दिसलं होतं. पुढच्या वर्षांत कडक नियंत्रणवालेच फायद्यात राहिले, म्हणून साखर आणायची नाही असं नव्हे. आधीपासून रेटिनोपॅथी असेल तर त्या काळात पडद्यावर जास्त लक्ष ठेवायचं.

---

शेवटचा_बाक

मी एका अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स अभ्यासात 'निरोगी' गटात बसून आलोय. यंत्र बघून अपेक्षाभंग होतो. चकाचक डबा वगैरे काही नाही, मोठं टेबल आणि त्यावर शेकडो आरसे-भिंगं उघडीच मांडलेली. डोकं हलू नये म्हणून दातांचा ठसा घेतात आणि तो ठसा चावून बसायचं. लाळ गळते, बोलता येत नाही, समोरच्या ठिपक्याकडे टक लावायची. ठिपका थोडा सरकवतात, पुन्हा टक. प्रत्येक वेळी चिमुकला तुकडाच टिपला जातो, म्हणून असे ढीगभर तुकडे घेऊन नंतर जोडतात.

शेवटी मला माझ्या स्वतःच्या रक्तपेशी धावताना दाखवल्या. तिरपागडा, तुमचं सगळं पटतं हो, पण ते बघितल्यावर माणूस थोडा हरखतोच.

---

शून्यएक

कुणी एआयचं नाव कसं काढलं नाही अजून!

फंडस फोटोवरून रेटिनोपॅथी ओळखणं हे वैद्यकातल्या यंत्रशिक्षणाचं बहुधा सर्वांत गाजलेलं उदाहरण. २०१६ मध्ये गूगलच्या गटाने १,२८,१७५ फोटोंवर शिकवलेलं मॉडेल प्रसिद्ध केलं. प्रत्येक फोटो ३ ते ७ वेळा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतला होता. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) आयडीएक्स-डीआर या प्रणालीला मान्यता दिली. डॉक्टरने फोटो न बघता यंत्रानेच निदान द्यायचं, अशा प्रकारची ती पहिली. ९०० जणांच्या चाचणीत तिने सौम्यपेक्षा पुढचा आजार असलेल्यांपैकी ८७ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडलं.

अवांतर: २०१८ मध्येच असं दिसलं की पडद्याच्या फोटोवरून मॉडेल माणूस स्त्री की पुरुष हेही फार अचूक ओळखतं. डॉक्टरांना हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. म्हणजे साध्या फोटोतही आपल्याला न दिसणारं बरंच काही आहे. मग महागडी यंत्रं कशाला, जुन्या फोटोंतूनच केशवाहिन्यांचा अंदाज बांधू की!

---

अंतर्गोल

@शून्यएक, अंदाज बांधा, पण तो बरोबर आला हे कशावरून ठरवणार? मॉडेलला शिकवायला खरं उत्तर लागतं. केशवाहिनी बंद पडली आहे की नाही याचं खरं उत्तर सूक्ष्म कॅमेराच देणार. ओसीटी अँजिओसुद्धा इथे पूर्ण भरवशाची नाही. प्रवाह एका मर्यादेपेक्षा संथ झाला की तिला तो दिसत नाही, आणि ती वाहिनी चित्रातून गायब होते. जिवंत आहे, पण नोंद नाही. म्हणूनच फ्लुओरेसिनमध्ये दिसणारे कितीतरी सूक्ष्म फुगे ओसीटी अँजिओत सापडत नाहीत, आत रक्त जवळपास थांबलेलं असतं.

या फुग्यांचं अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सने केलेलं वर्णन पाहण्यासारखं आहे. साध्या फोटोत सगळे एकसारखे लाल ठिपके. जवळून पाहिलं तर कुणी वाहिनीच्या एका बाजूला आलेला हलका फुगवटा, कुणी थैली, कुणी दोन्ही बाजूंनी फुगलेला, कुणी देठावर लोंबणारा. यातला कुठला आकार पुढे गळणार हे सांगता आलं तर ते फोटोतले ठिपके मोजण्यापेक्षा किती उपयोगी पडेल!

---

तिरपागडा

अभ्यासाचा कालावधी कमी होईल हा मुद्दा मान्य. पण नियामकांनी 'केशवाहिनी सुधारली' हे औषधाचं यश म्हणून मान्य करायला हवं ना? दृष्टीआड यांनी आत्ताच सांगितलं की चित्र सुधारून नजर सुधारत नाही. तुमचा नवा मापदंड त्याच खड्ड्यात पडणार नाही कशावरून?

आणि सगळे रक्तवाहिन्यांच्याच मागे का लागलेत? पाहतात त्या चेतापेशी.

---

अंतर्गोल

पहिल्याला उत्तर: कशावरूनच नाही, अजून तरी. आज टिपलेली बंद वाहिनी आणि काही वर्षांनंतरची नजर यांची सांगड त्याच माणसांत घालून दाखवावी लागेल, आणि त्याला वेळ लागणारच. तिथे पळवाट नाही.

दुसरा प्रश्न फारच चांगला. ओसीटीवर चेतापेशींच्या आतल्या थरांची जाडी मोजली, तेव्हा रेटिनोपॅथीची खूण नसलेल्या मधुमेहींतही ती काळाबरोबर घटताना आढळली. २०१६ मध्ये यावर एक महत्त्वाचा निबंध आला. त्यामुळे रेटिनोपॅथी हा रक्तवाहिन्यांचाच आजार ही जुनी व्याख्या आता अपुरी वाटते. दोन्ही एकमेकांत गुंतलेलेही असतील. लुकलुकणारा प्रकाश दाखवला की निरोगी पडद्यातल्या वाहिन्या रुंदावतात, कारण चेतापेशी जादा रक्त मागतात. मधुमेहात हा प्रतिसाद मंदावतो. मागणारा दमला की पुरवणारा, हे वेगळं करायला दोघांना एकाच वेळी पाहावं लागतं. थर, प्रवाह आणि पेशी एकाच डोळ्यात एकत्र मोजणाऱ्या अभ्यासांकडे माझं लक्ष आहे ते यासाठी.

---

इन्सुलिनवाली

एक शेवटचं विचारून घेते. मूल व्हावं असा विचार चालू आहे. गरोदरपणात रेटिनोपॅथी वाढते असं वाचलं. त्या काळात यातलं काय करता येतं?

---

दृष्टीआड

बरं झालं आधी विचारलंत. गर्भधारणेच्या आधी एकदा, नाहीतर पहिल्या तिमाहीत तरी, बाहुली मोठी करून पूर्ण तपासणी करून घ्या. पुढची किती अंतराने हे त्या वेळी काय दिसतं त्यावर ठरतं. आधीपासून रेटिनोपॅथी असलेल्यांमध्ये ती या काळात वेगाने पुढे जाऊ शकते. पडदा स्वच्छ असेल तर धोका बराच कमी.

फंडस फोटो आणि ओसीटी बिनधास्त करता येतात, त्यात फक्त प्रकाश आहे. फ्लुओरेसिन नाळेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून फार निकड नसेल तर आम्ही ते टाळतो. मघाशी मी ओसीटी अँजिओ तुम्हाला नको म्हटलं, पण गरोदरपणात काही शंकास्पद दिसलं तर मी स्वतः आधी तीच लिहून देईन. तुमच्या पहिल्या तपासणीतच एक काढून ठेवायला सांगा, पुढे तुलनेला तुमचंच आधीचं चित्र हाताशी राहील. आणि दर वेळी त्याच यंत्रावर काढा.

---

थांबा_हलू_नका

आणि थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं. गाडी चालवत येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा.